चार विरुद्ध शून्य

शुक्रवारी सकाळी दहा वाजता नियमकाकांनी आपल्या घरात आचारसंहिता लागू केली. फ्रिजच्या दारावर स्वच्छ अक्षरातला एक कागद चिकटवला, खाली सही केली, सहीखाली तारीख आणि वेळ घातली आणि चष्मा पुसत ते म्हणाले, "आता रविवारी सकाळी दहापर्यंत या विषयावर घरात कोणी अवाक्षर काढायचं नाही."

"कोणत्या विषयावर?" काकूंनी विचारलं.

"ते सांगितलं तर आचारसंहितेचा भंग होईल."

विषय सगळ्यांना पाठ होता. गेला महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता. काकूंचा उजवा गुडघा बोलायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते की जिने बंद. काका-काकू राहत दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मुलगा चार तासांच्या अंतरावर मोठ्या शहरात राहत होता, त्याच्या इमारतीला दोन लिफ्ट होत्या. तो फोनवर म्हणाला, "आता तुम्ही दोघं इकडेच या कायमचे." इथपर्यंत सगळं सरळ होतं.

पण जायचं की नाही हे काही ठरेना. काकांनी काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." काकूंनी मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्हाला बरं वाटेल तसं." मुलाने बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मी कोण ठरवणार? आई-बाबांना विचारा." सगळेच एकमेकांना इतके सांभाळून घेत होते की घोंगडं महिनाभर भिजत पडलं. शेवटी काकांनी आपल्या पद्धतीने निकाल लावायचं ठरवलं. गुप्त मतदान.

नियमकाका हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी दिलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी निवडणूक कचेरीत काढली होती. किती सरकारं आली, किती पडली. काकांनी आकडे कायम एकाच आवाजात वाचून दाखवले. सरकारी नोकराने आपलं मत बोलून दाखवायचं नाही, हा नियम त्यांनी अंगात इतका मुरवला होता की भाजी कशी झाली आहे हेसुद्धा ते सांगत नसत. "बरी आहे" एवढंच म्हणत, आणि काकूंची चाळीस वर्षं त्या 'बरी'चे अर्थ लावण्यात गेली. निवृत्त झाले त्या दिवशी काकांना वाटलं, चला, आता तोंड उघडायला हरकत नाही. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की ऐकायला कोणी उरलेलं नाही. म्हातारपणी माणसाला मतस्वातंत्र्य मिळतं ते असं, सभा संपून खुर्च्या उचलल्यावर.

ऐकणारे एकच होते, तळमजल्यावरचे मास्तर. मास्तर म्हणजे शिंपी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं. रोज सकाळी सात वाजता काका पेपर घेऊन खाली उतरत, मास्तर चहा ठेवत, आणि मग दोघे देशाचा कारभार हातात घेत. मास्तरांना जो पक्ष आवडे तो काकांना चोर वाटे, आणि काकांना जो आवडे तो मास्तरांना महाचोर. एक तास कडाक्याचं भांडण व्हायचं. आठ वाजता काका प्रसन्न चेहऱ्याने वर येत. ही एक तासाची चैन सोडून जायचं या विचाराने त्यांच्या पोटात महिनाभर खड्डा पडत होता. पण काकू जिना चढताना कठड्याला धरून मध्येच थांबायच्या आणि "काही नाही, जरा फुलांच्या कुंड्या बघतेय" म्हणायच्या, तेव्हा तो खड्डा त्यांना स्वार्थी वाटे. जिन्यात कुंडी एकही नव्हती.

मुलगा आणि सून रजा टाकून गुरुवारी संध्याकाळीच आले होते. निवडणुकीला तटस्थ निरीक्षक हवा म्हणून काकांनी मास्तरांना नेमलं. त्यांना शपथ द्यायला ते खाली गेले तेव्हा मास्तर एका परकराची किनार दुमडत होते आणि त्यांच्या तोंडात चार टाचण्या होत्या.

"म्हणा, या निवडणुकीसंबंधी माझ्या कानावर जे येईल ते मी कोणालाही सांगणार नाही."

"ऊं," मास्तर म्हणाले.

"झाली शपथ," असं म्हणून काकांनी वहीत नोंद केली.

आचारसंहिता लागली आणि घरात सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. पण त्या दोन दिवसांत काकांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. घरातल्या सगळ्यांचे कपडे एकाएकी फाटायला लागले. शुक्रवारी संध्याकाळी काकू उशीचे दोन अभ्रे घेऊन, तो गुडघा घेऊन, दोन जिने उतरून मास्तरांकडे गेल्या आणि पाऊण तासाने वर आल्या.

"अभ्रे शिवायला पाऊण तास?" काकांनी विचारलं.

"दोन होते," काकू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मुलगा पँटचं बटण लावून घ्यायला गेला. दुपारी सून पर्सची चेन दाखवायला गेली. काकांना चेन धडधाकट दिसत होती. ते खिडकीत बसून हे सगळं बघत होते आणि त्यांच्या हिशेबी डोक्याने उत्तर काढलं. माणसं जुनी दुरुस्ती कधी उरकतात? गाव सोडायचं असतं तेव्हा. म्हणजे काकूंना जायचंय. मुलाला न्यायचंय. सुनेलाही चालणार आहे. विरोधात आहोत ते फक्त आपण.

संध्याकाळी तेही खाली गेले. फाटकं काही नव्हतं म्हणून शर्टाची बाही घेऊन गेले, म्हणजे शर्टासकट.

"मास्तर, आचारसंहिता आहे, मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "पण समजा, एक माणूस आहे. त्याला एका ठिकाणी राहायचंय. पण त्याच्या बायकोला तिथे त्रास होतो. तर त्या माणसाने गप्प बसावं की नाही?"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी काकांकडे नुसतं बघितलं, फार वेळ बघितलं, आणि बाहीला गरज नसलेले दोन टाके घातले.

रविवारी दहा वाजता मतदान झालं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला फट पाडून मतपेटी केली होती. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये चादर टांगून आडोसा केला होता. काकांनी फूटपट्टीने आखलेल्या मतपत्रिकांवर दोनच शब्द होते, वर 'जावे' आणि खाली 'राहावे'. प्रत्येकाने फुली मारायची, घडी घालायची आणि बाहेर यायचं. काकूंनी चादरीआड बराच वेळ घेतला.

"काही अडचण आहे का?" काकांनी विचारलं.

"पेन चालत नाहीये."

"दुसरं घे."

"नको, चाललं."

सर्वांत शेवटी काका गेले. छत्तीस वर्षांत इतर लोकांनी डब्यात काय टाकलं ते त्यांनी मोजलं होतं, पण फुली मारताना हात एवढा जड होतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी काकूंचा जिन्यात थांबलेला चेहरा आठवला आणि 'जावे'वर फुली मारली. मारून झाल्यावर त्यांना मनापासून रडू आलं, पण मतदान केंद्रात तशी सोय नसते.

मग मोजणी. काकांनी एकेक घडी उलगडून सगळ्यांना दाखवली. जावे. जावे. जावे. चौथी उलगडताना त्यांचा आवाज किंचित हलला. जावे.

"चार विरुद्ध शून्य," ते म्हणाले. "एकही मत बाद नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "छान झालं," मुलगा म्हणाला, पण दवाखान्यातून फोन आल्यावर माणूस 'बरं' म्हणतो तशा आवाजात. "हो ना, बरं झालं एकदाचं," सून म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. बराच वेळ झाला तरी आतून कपबशीचा आवाज येईना. काकू म्हणाल्या, "तुमच्या मनासारखं झालं ना?" काका म्हणाले, "तुझ्या मनासारखं झालं ना?" आणि दोघांनीही मान डोलावली.

निरीक्षक मास्तर मात्र डब्यात डोकावून बघत होते.

"साहेब, फेरमोजणी करा," ते म्हणाले.

"चार मतांची?"

"करा तर खरं. घोळ आहे कुठेतरी."

"मास्तर," काका ताठ झाले, "राजकारणावरून तुम्ही मला काय वाट्टेल ते बोला. पण माझ्या मोजणीवर आजवर हरलेल्या उमेदवारानेसुद्धा बोट ठेवलेलं नाही. हरकत कसली आहे ती लेखी द्या."

"लेखी देता येत नाही. शपथ घातलीय तुम्ही."

"मग निकाल कायम."

मास्तर खाली गेले. सोमवारी सात वाजता काका पेपर घेऊन जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. पेपर त्यांनी खिडकीत बसून वाचला. एका मंत्र्याने त्या दिवशी असं काही विधान केलं होतं की एरवी दोन कप चहा पुरला नसता. काकांनी ते तीनदा वाचलं. एकट्याने वाचताना त्यात काही राम वाटेना.

निकालाची अंमलबजावणी सात दिवसांत, असं काकांनीच फ्रिजवरच्या कागदात घातलं होतं, त्यामुळे गाडं उताराला लागलं. मुलाने ट्रक ठरवला. घरमालकाला कळवलं, त्याने तिसऱ्या दिवशी एक जोडपं घर बघायला पाठवलं, आणि त्या जोडप्यातल्या बाईंनी काकूंच्या स्वयंपाकघरात उभं राहून "ही भिंत आपण पाडू" असं नवऱ्याला सांगितलं. काकू हसून म्हणाल्या, "पाडा की," आणि संध्याकाळभर त्या भिंतीला पाठ लावून बसल्या. काकांना वाटलं, गुडघा दुखतोय. त्यांना आपण घेतलेला निर्णय आणखीच बरोबर वाटला.

पुढच्या रविवारी ट्रक आला. मुलगा आणि सून पुन्हा आले. दोन हमालांनी कपाट, टेबल आणि चारही खुर्च्या खाली नेऊन चढवल्या. चौघे मोकळ्या खोलीत उभे होते, कारण बसायला काही उरलं नव्हतं. तेवढ्यात मास्तर दारात आले. वर चढून आल्याने त्यांना धाप लागली होती.

"साहेब, हरकत आहे," ते म्हणाले.

"मुदत संपली."

"संपू दे. मी बोलणार."

"मास्तर, तुम्ही शपथ घेतलीय."

"शपथ घेतली तेव्हा तोंडात टाचण्या होत्या. तशी शपथ धरत नाहीत." मास्तरांनी चौकटीला टेकून श्वास घेतला. "शुक्रवारी वहिनी आल्या होत्या. म्हणाल्या, मला हे घर सोडवत नाही, पण यांना मुलाजवळ राहायचंय, बोलत नाहीत म्हणून काय झालं, मला कळतं."

"मास्तर, अहो," काकू पुटपुटल्या.

"शनिवारी हा आला. म्हणाला, आईबाबा तिकडे आले तर मी दमल्यावर जायचं कुठे? इथे महिन्यातून एकदा येतो, दोन दिवस नुसता झोपतो. माहेर काय फक्त बायकांनाच असतं का, असं म्हणाला."

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर फक्त ट्रक दिसत होता.

"दुपारी सूनबाई. त्यांची शिकवणीची खोली आहे, तीच तुम्हाला द्यावी लागणार. बारा मुलं येतात गाणं शिकायला. ती बंद करायची म्हणून रडल्या. तेही चेन उघडझाक करत."

"मग तू 'जावे'वर फुली का मारलीस?" मुलाने बायकोला विचारलं.

"चारात एक विरोधी मत निघालं असतं तर सगळ्यांनी कोणाकडे बघितलं असतं?" सून म्हणाली. "गुप्त मतदान म्हणे. चार जणांत कसलं आलंय गुप्त? आणि तू का मारलीस?"

"मुलगाच 'राहावे' म्हणाला तर कसं दिसेल?"

"दिसणार कोणाला होतं?" काकू म्हणाल्या.

काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या कारकिर्दीत मतं फिरली होती, पेट्या ओल्या झाल्या होत्या, एकदा तर मयत माणसाने रांगेत उभं राहून मत दिलं होतं. पण सर्वच्या सर्व मतदारांनी आपल्याला नको तेच निवडून दिलं, असा निकाल त्यांनी पाहिला नव्हता. आणि नियमाप्रमाणे तो निर्दोष होता.

"आणि तुम्ही साहेब," मास्तर म्हणाले, "समजा एक माणूस आहे म्हणालात. तो माणूस कोण ते मला कळणार नाही असं वाटलं का तुम्हाला?"

काकू वळल्या. "तुम्हाला राहायचं होतं?"

"हो," काका म्हणाले. एवढं बोलून त्यांना बरं वाटलं, म्हणून त्यांनी पुढेही सांगितलं. "मला इथे राहायचं होतं. पहिल्यापासून. तुझा गुडघा बघवत नव्हता म्हणून मी तसं केलं."

"महिनाभर मला एका शब्दाने बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी कशी बोलणार? फ्रिजवर कागद लावला होतात ना."

सूनबाई आधी हसली, मग मुलगा, आणि मग सगळेच. खोली मोकळी असल्यामुळे ते हसणं चांगलं मोठं झालं. पण ते ओसरल्यावर मुलगा म्हणाला, "ते सगळं खरं. पण आईच्या गुडघ्याचं काय? जिना तर तसाच आहे."

सगळ्यांनी दाराबाहेर बघितलं. जिना तसाच होता.

"त्यावरही आहे एक," मास्तर म्हणाले. "तळमजल्यावर एक जागा रिकामी होतेय."

"कोणती?" काकांनी विचारलं.

"माझी."

मास्तरांनी मग हळूहळू सांगितलं. मुलगी दोन वर्षं बोलावतेय. आता सुईत दोरा जात नाही. मागच्या वेळी गेले होते तेव्हा नात शेजारी बसून दोरा ओवून देत होती आणि एकेका सुईमागे एकेक गोष्ट मागत होती. "गेल्या रविवारी तुमचा निकाल लागला आणि मी तिला सांगून टाकलं, येतो म्हणून. म्हटलं, साहेबच जातायत तर आता कशाला थांबायचं."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "पण आता आम्ही राहतोय. मग तुम्हीही राहा. तिला फोन करून सांगा, रद्द झालं."

"सांगतो," मास्तर म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले की काकूंनी नवऱ्याचा दंड धरला.

"अहो, विचारा तरी त्यांना."

काकांना विचारायचं नव्हतं. उत्तर काय येईल याची त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती रास्त होती. तरी त्यांनी विचारलं. "मास्तर, तुम्हाला काय हवंय?"

"मला जायचंय, साहेब. दोन वर्षांपूर्वीच जायचं होतं. तुम्ही सकाळी सातला कोणाशी भांडणार म्हणून थांबलो."

"मला तुम्ही गेलेलं नको आहे," काका म्हणाले.

काकूंनी चमकून बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी या माणसाच्या तोंडून इतकं सरळ वाक्य ऐकलं नव्हतं.

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मग काही नाही. जा तुम्ही. नात वाट बघत असेल. मला काय वाटतं ते फक्त सांगून ठेवलं." काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या बाहीने पुसला. "आणि तुमचा तो पक्ष चोरांचा आहे, तेही."

"तुमचा महाचोरांचा," मास्तर म्हणाले.

खालून ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला आणि शेवटी स्वतःच वर आला. मुलाने घरमालकाला फोन लावला होता. घरमालक म्हणत होता की वरची जागा त्या भिंत पाडणाऱ्या जोडप्याला, खालची काकांना, त्याला काय, चालेल. ट्रकवाल्याला सून समजावून सांगत होती की कपाट आणि टेबल ट्रकमधून उतरवून तळमजल्यावर ठेवायचं, आणि तळमजल्यावरचं मशीन मास्तरांच्या मुलीच्या गावी न्यायला ट्रकमध्ये चढवायचं.

"म्हणजे तुम्ही जाणार नाही?" ट्रकवाल्याने विचारलं.

"जाणार ना," काका म्हणाले. "निकाल 'जावे' असा लागलाय, तो कायम आहे. दोन मजले खाली जाणार."

ट्रकवाल्याने त्यांच्याकडे, मग मास्तरांकडे, मग रिकाम्या खोलीकडे बघितलं. त्याने अनेक घरं हलवली होती. "साहेब, एकदा नक्की काय ते ठरवा. आधी काय उतरवू?"

काकांच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. आधी कपाट, मग टेबल, क्रमवार. पण ते थांबले. काकू सकाळपासून उभ्या होत्या आणि एका पायावर भार देत होत्या. काका त्यांच्याजवळ गेले.

"तुला काय हवंय?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. हा प्रश्न नवा होता आणि त्याचं खरं उत्तर द्यायची त्यांनाही सवय नव्हती. "तुम्ही म्हणाल" एवढं त्यांच्या ओठावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"मला ना," काकू म्हणाल्या, "आधी बसायचंय."

"खुर्ची उतरवा," काकांनी ट्रकवाल्याला सांगितलं, आणि काकूंना हाताला धरून ते सावकाश जिना उतरायला लागले.